हेस्टिंग्ज येथील एक डाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज या नांवाचें एक गांव आहे. शाळेंत इतिहास शिकलेल्यांना तें १०६६ सालच्या लढाईमुळें ठाऊक असतें. नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंडचें राज्य मिळविलें तें त्या लढाईंत. परंतु बुद्धिबळाच्या शौकिनांना हेस्टिंग्ज म्हटलें म्हणजे निराळ्याच लढाया आठवतात. विसाव्या शतकांतील पहिलें महायुद्ध संपल्यानंतर नाताळच्या सुमारास तेथें देशोदेशींचे नामांकित खेळाडू बोलावून सामने भरविण्याची प्रथा पडली. १९३० सालाच्या अखेरीस सुरू होऊन १९३१ च्या आरंभीं संपलेल्या अशा एका सामन्यांत जो एक डाव खेळला गेला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो मांडून जवळ घेतल्यास बरें. नसेल त्यांनींहि संकोच बाळगूं नये. पटावांचून जें समजणार नाहीं असें या हकीकतींत फारच थोडें आहे.

काळ्या मोहऱ्यांमागें बसला होता होझे राऊल कॅपाब्लांका. क्यूबा बेटांतील हवाना शहरीं १८८८ सालीं जन्मलेला हा मनुष्य वयाच्या चौथ्या वर्षीं वडिलांचा खेळ नुसता पाहून बुद्धिबळ शिकला असें सांगतात. १९२१ सालीं लास्करला हरवून त्यानें जगज्जेतेपद मिळविलें, व १९२७ सालीं आल्येखिनशीं गांठ पडून तें गमावलें. पद गेलें तरी दबदबा गेला नव्हता. १९१६ पासून १९२४ पर्यंत सुमारें आठ वर्षें त्याला सामन्यांत एकदांहि हार खावी लागली नव्हती. १९२४ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क येथें रेटीनें त्याला हरविलें तेव्हां खेळाच्या जगांत एखादा किल्ला पडल्याइतका गवगवा झाला. त्याचा खेळ पाहणाऱ्यास सोपा वाटे. अवघड तें सोपें करून दाखविणें ही सर्वांत अवघड विद्या आहे, हें ज्यांना कोणतीहि विद्या थोडीफार येते त्यांना सांगावयास नको.

पांढऱ्या मोहऱ्यांमागें डोक्यास फेटा बांधलेला, मितभाषी असा एक पंजाबी तरुण होता. त्याचें नांव मीर सुलतानखान. त्या वेळच्या शहापूर जिल्ह्यांतील मिठा टिवाणा या गांवचा तो राहणारा. हा मुलूख १९४७ सालापासून पाकिस्तानांत आहे. वडिलांनीं त्याला नवव्या वर्षाच्या सुमारास देशी पद्धतीचें बुद्धिबळ शिकविलें, आणि विशी गांठीपर्यंत त्याच्या प्रांतांत त्याच्या तोडीचा खेळाडू उरला नाहीं. त्याच जिल्ह्यांतील बडे जमीनदार सर उमर हयातखान टिवाणा यांनीं त्याला पदरीं ठेवून घेतलें व युरोपीय पद्धतीचा खेळ शिकण्याची सोय करून दिली. १९२८ सालीं अखिल भारतीय सामन्यांत तो पहिला आला, आणि १९२९ च्या वसंतांत, इंग्लंडांतील भारतमंत्र्याच्या कौन्सिलचे सभासद म्हणून सर उमर लंडनला गेले तेव्हां, त्यांच्या लवाजम्याबरोबर सुलतानखानहि गेला.

आतां देशी पद्धत आणि युरोपीय पद्धत यांतील अंतर काय, तें नीट ध्यानांत घेतल्यावांचून पुढच्या गोष्टीची गोडी कळणार नाहीं. जुन्या वाड्यांतून आपल्याकडे जो खेळ चाले, तोच थोड्याफार फरकानें पंजाबांतहि चालत असे. त्यांत प्यादें पहिल्याच खेळींत दोन घरें उडी मारीत नाहीं. तें बिचारें एकेक पाऊल टाकीत जातें. राजाला किल्लेकोट करतां येत नाहीं; त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्यासारखी उडी मारण्याची सवलत असते. प्यादें पैलतीरीं पोंचलें म्हणजे वाटेल तो मोहरा होत नाहीं. ज्या ओळींत पोंचेल त्या ओळीचा मोहरा होतें. अशा नियमांनीं दोन सैन्यांची गांठ पडावयास बराच वेळ लागतो. दोघेहि आपापल्या मुलखांत तटबंदी करतात, घोडे-उंट जागच्या जागीं लावतात, आणि मगच पहिली चकमक होते. युरोपीय खेळांत दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच प्यादीं एकमेकांना भिडतात. त्यामुळें तेथें डावाच्या प्रारंभाचें एक स्वतंत्र शास्त्र बनलें आहे. कोणत्या खेळीस कोणती खेळी उत्तर, हें शेंकडों डावांच्या अनुभवावरून ग्रंथांत नोंदून ठेवलेलें असतें, व खेळाडू तें पाठ करतात. विशी उलटून गेल्यावर ज्यानें हा खेळ हातीं घेतला त्याला हें शास्त्र कोठून येणार? लंडनमध्यें विंटर व येट्स या दोन खेळाडूंनीं त्याला प्रारंभांची शिकवणी दिली. आरंभींच्या एका सरावाच्या सामन्यांत तो पार तळाशीं गेला. आणि लगेच त्याच उन्हाळ्यांत, रॅम्सगेट येथें, तो ब्रिटनचा विजेता झाला!

येथूनच एका दंतकथेस आरंभ झाला. पंजाबच्या खेड्यांतला एक निरक्षर मनुष्य, पुस्तकाचें पान न वाचतां, केवळ उपजत प्रेरणेनें युरोपच्या पंडितांना हरवितो, ही कथा वर्तमानपत्रांना फार मानवली. इंग्रजी ग्रंथ त्याला वाचतां येत नव्हते एवढें यांत खरें दिसतें. परंतु तो अगदीं निरक्षर होता या म्हणण्यास त्याच्या वंशजांनीं अलीकडे स्पष्ट हरकत घेतली आहे. ज्याला इंग्रजी येत नाहीं तो अडाणी, हा हिशेब त्या काळीं लंडनांतच नव्हे तर पुण्या-मुंबईच्या कित्येक कचेऱ्यांतहि चालत असे, तेव्हां याचें नवल नाहीं. खरा प्रश्न पुढचा आहे. उपजत प्रेरणा म्हणजे काय? वाघ झेप घेतो ती प्रेरणा. परंतु पांच-सहा तास एका जागीं बसून, समोर जगांतला एक श्रेष्ठ खेळाडू असतां, पांसष्ट खेळ्यांपर्यंत एकच धागा हातांतून सुटूं न देणें याला प्रेरणा म्हणावयाचें कीं विचार? या प्रश्नाचें उत्तर हेस्टिंग्जच्या त्या डावांतच आहे.

पांढऱ्यानें पहिली खेळी केली ती राजाकडील घोड्याची. काळ्यानें तेंच उत्तर दिलें. मग पांढऱ्याचें वजिरापुढचें प्यादें दोन घरें पुढें आलें. यावर कॅपाब्लांकानें वजिराकडील घोड्यापुढचें प्यादें एकच घर सरकविलें, आणि त्या रिकाम्या झालेल्या घरांत पुढच्या खेळीस आपला उंट नेऊन बसविला. तेथून तो उंट सबंध पटावर तिरपी नजर ठेवूं शकतो. या बचावाला जगभर ‘वजिराकडील भारतीय बचाव’ म्हणतात. हें नांव कोठून आलें? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचे एक बॅरिस्टर होते. त्यांचे महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली गृहस्थाबरोबर कित्येक डाव झाले, आणि ते नोंदलेले असल्यामुळें आजहि पाहावयास मिळतात. महेशचंद्र प्यादीं एकेक घर सरकवीत आणि उंट बाजूच्या त्या कोपऱ्यांत बसवीत. देशी खेळाची संवय, दुसरें काय! युरोपांतील पंडितांनीं ही रीत बराच काळ विक्षिप्त मानली. परंतु पहिल्या महायुद्धानंतर रेटी, निम्झोविच आदिकरून नव्या पिढीच्या खेळाडूंनीं तीच उचलून धरली, आणि या सर्व कुळाला ‘भारतीय’ हें नांव चिकटलें. तेव्हां हेस्टिंग्जच्या पटावर असा प्रकार घडला कीं, क्यूबाचा खेळाडू भारतीय बचाव खेळत होता आणि त्यावर चाल करून जावयाचें होतें तें भारतीयाला.

पांढऱ्याचें वजिराकडील उंटापुढचें प्यादेंहि दोन घरें आलें होतें व त्यामागें घोडा येऊन बसला होता. काळ्यानें राजापुढचें प्यादें एक घर हलवून आपल्या दुसऱ्या उंटाला वाट करून दिली. आतां पांचवी खेळी. ग्रंथ सांगत होते कीं मोहरे बाहेर काढा, राजाला किल्लेकोटांत घाला, वेळ दवडूं नका. सुलतानखानानें वजिराकडील हत्तीपुढचें, म्हणजे अगदीं कडेचें प्यादें, एक घर पुढें ढकललें.

पाहणाऱ्यांतील शास्त्रज्ञ मंडळींस ही खेळी हातचा एक वेळ फुकट घालविल्यासारखी वाटली असल्यास त्यांना दोष देतां येत नाहीं. एकहि मोहरा बाहेर आला नाहीं, कशावर मारा झाला नाहीं. परंतु काळ्याचा बेत काय होता तें पाहा. त्याचा राजाकडील उंट आतां सुटा झाला होता. तो तिरपा धांवून पांढऱ्याच्या घोड्याला भिडला असता, आणि त्या घोड्याच्या पाठीशीं त्याचाच राजा असल्यामुळें घोडा जागच्या जागीं जखडला गेला असता. मग पटाच्या मध्यावरील मोक्याचें घर काळ्याच्या स्वाधीन झालें असतें. या बचावाचा सारा जीव त्या एका घरांत असतो. कडेच्या त्या लहानशा प्याद्यानें उंटाचें उतरण्याचें ठिकाणच बंद केलें. शत्रूची स्वारी निघण्यापूर्वींच नदीचा उतार अडवावा, तशी ही खेळी होती. ज्यानें लहानपणापासून प्यादें एकेकच पाऊल चालतांना पाहिलें, त्याला एका पावलाचें मोल कळावें हें स्वाभाविक आहे.

या खेळीचें पुढें काय झालें तेंहि येथेंच सांगून टाकावें. कित्येक वर्षांनंतर आर्मेनियन खेळाडू टिग्रान पेट्रोसियन यानें ती आपल्या भात्यांत घेतली. हा १९६३ पासून १९६९ पर्यंत जगज्जेता होता. पुढें १९८० नंतरच्या वर्षांत गॅरी कास्पारोव्ह यानें तिच्या जोरावर डावांमागून डाव जिंकले, आणि १९८५ सालीं तोहि जगज्जेता झाला. प्रारंभांच्या ग्रंथांत या पद्धतीला आज पेट्रोसियन व कास्पारोव्ह यांचीं नांवें आहेत. ग्रंथकारांचा नियमच असा आहे कीं जो लिहितो-लिहवितो त्याचें नांव राहतें. असो.

कॅपाब्लांकानें उंटाचा बेत सोडून वजिरापुढचें प्यादें दोन घरें पुढें टाकलें. सुलतानखानानें लागलीच प्याद्यांची मारामारी केली, व काळ्यानें राजापुढच्या प्याद्यानें परत मारलें. येथें एक गोष्ट घडली, ती वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. कोपऱ्यांत बसून सबंध पटावर नजर ठेवणारा जो काळ्याचा उंट, त्याच्या वाटेंत आतां त्याचेंच प्यादें घट्ट उभें राहिलें. दिवाणखान्याच्या खिडकीसमोर घरधन्यानें स्वतःच भिंत बांधावी, तसें झालें. सुलतानखानाचा यापुढचा सारा खेळ म्हणजे ती भिंत पडूं न देण्याचा खेळ आहे.

मधल्या कांहीं खेळ्या सरळ आहेत. काळ्यानें किल्लेकोट केला, घोडा मध्यावर रोवला, त्याला प्याद्याचा जोर दिला. बाराव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा शत्रूच्या मुलखांत शिरला. त्याचा रोख काळ्याच्या वजिराकडील उंटापुढच्या प्याद्यावर होता, आणि त्याच प्याद्यावर पांढऱ्याच्या उंटाची व वजिराचीहि नजर होती. तिघांचा मारा एका ठिकाणीं! कॅपाब्लांकाला आपला राजाकडील उंट आडवा घालावा लागला. सुलतानखानानें घोडा देऊन तो उंट घेतला, व काळ्यानें प्याद्यानें घोडा मारला. देणें-घेणें बरोबरीचें दिसतें. पण आतां काळ्याचीं दोन प्यादीं एकाच उभ्या ओळींत एकापाठीं एक अडकलीं. त्यांना एकमेकांचा जोर मिळत नाहीं, आणि कोपऱ्यांतल्या उंटासमोरची भिंत तर कायमची झाली. शिवाय पांढऱ्याजवळ दोन उंट, काळ्याजवळ एक, आणि तोहि कोंडलेला.

याच्या मोबदल्यांत काळ्याला एक उभी ओळ मोकळी मिळाली. कॅपाब्लांकासारखा कसबी मनुष्य ती वांया कशी जाऊं देईल? त्यानें त्या ओळींत प्रथम एक हत्ती आणला, पांढऱ्याच्या वजिराला हुसकून लावलें, मग त्यामागें दुसराहि हत्ती उभा केला. मोकळ्या ओळींत दोन हत्ती एकामागें एक म्हणजे वेशीवर धडका देणारी जोडीच. इकडे सुलतानखान काय करीत होता? तो दुसऱ्या बाजूला प्यादीं लोटीत होता. राजाकडील हत्तीपुढचें प्यादें, मग घोड्यापुढचें प्यादें. ज्या प्याद्यांआड पांढऱ्याचा राजा किल्लेकोट करून बसावयाचा, तींच त्यानें पुढें पाठविलीं. त्याचा राजा अजून जन्मघरींच उभा होता. सबंध डावांत त्यानें किल्लेकोट केला नाहीं तो नाहींच. ज्या खेळांत किल्लेकोट नाहीं त्या खेळांत वाढलेल्याला राजा मध्यें उभा असल्याचें भय कमी वाटत असेल काय? असेल, परंतु एवढ्यावरून फार मोठा सिद्धांत काढूं नये, कारण याच सुलतानखानानें इतर पुष्कळ डावांत किल्लेकोट केलेला आहे. येथें मध्यभाग प्याद्यांनीं बंद झालेला होता, म्हणून राजा मध्यें राहूं शकत होता. हा हिशेब आहे, संवय नव्हे.

विसाव्या खेळीला पांढऱ्याच्या प्याद्यानें काळ्याचा घोडा हुसकून शेवटच्या ओळींत परत पाठविला, आणि एकविसाव्या खेळीला त्या बाजूनें उंट बाहेर येऊन त्यानें मागच्या हत्तीवर मारा धरला. कॅपाब्लांकानें आपला पुढचा हत्ती थेट पांढऱ्याच्या घरच्या ओळींत नेऊन राजाला शह दिला. ज्यांच्यासमोर पट असेल त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. तो हत्ती पांढऱ्याच्या हत्तीला सहज मारतां येतो असें दिसतें. तसें केलें असतें तर काळ्याचा दुसरा हत्ती येऊन मारता, पुन्हां शह बसता, राजाला बाजूला व्हावें लागतें आणि पलीकडचा हत्ती उघडा पडून फुकट जाता. सुलतानखान या मोहांत पडला नाहीं. त्यानें राजा एक घर वर घेतला. आतां काळ्याचा आंत घुसलेला हत्ती परत फिरूं शकेना. दुसऱ्या हत्तीनें शह, पांढऱ्याच्या वजिरानें तो मारला. पहिल्या हत्तीनें वजीर मारला. राजानें तो हत्ती मारला. धुरळा खालीं बसला तेव्हां कॅपाब्लांकाचे दोन हत्ती गेलेले होते व सुलतानखानाचा वजीर.

ढोबळ हिशेबानें वजीर नऊ प्याद्यांच्या मोलाचा आणि हत्ती पांचांच्या. म्हणजे दोन हत्ती एका वजिराहून किंचित् सरस. परंतु हा हिशेब बाजारभावासारखा आहे, जागेप्रमाणें व वेळेप्रमाणें बदलतो. जेथें राजा उघडा असतो, प्यादीं विखुरलेलीं असतात, तेथें एकटा वजीर दोन हत्तींना पुरून उरतो, कारण तो एका वेळीं आठ दिशांनीं मारा करतो. त्याला हवा असतो मोकळा मुलूख. कॅपाब्लांकाचा वजीर तत्काळ पांढऱ्याच्या मुलखांत शिरला, शह देऊन गेला, वजिराकडील घोड्याच्या प्याद्यावर जाऊन बसला. सुलतानखानानें एकामागून एक वाटा बंद केल्या. एक हत्ती प्याद्याच्या राखणीस गेला. दुसरा मोकळ्या ओळींत आला, मग पुढें सरून वजिरावर चालून गेला. तिसाव्या खेळीला तेंच घोड्याचें प्यादें दोन घरें पुढें आलें, आणि तो बलाढ्य वजीर मुकाट्यानें आपल्या गोटांत परत फिरला. मघांच्या त्या पांचव्या खेळींतील कडेच्या प्याद्याची येथें पुन्हां आठवण होते. नव्या प्याद्याला जोर होता तो त्याचाच. पंचवीस खेळ्यांपूर्वीं टाकलेलें एक पाऊल असें उपयोगी पडलें.

यानंतर पांसष्टाव्या खेळीपर्यंत जें चाललें त्याचें वर्णन करीत बसल्यास श्रोत्यांची झोंप अनावर होईल. परंतु जाणत्यांना तोच भाग सर्वांत रुचतो. चकमक नाहीं, बलिदान नाहीं. पांढऱ्याचे हत्ती आणि उंट एका जागेवरून दुसऱ्या जागीं फिरत आहेत, काळ्याचा वजीर मोकळी वाट शोधतो आहे, व ती त्याला सांपडत नाहीं. विहिरीचें पाणी उपसावें तसा हा खेळ. कॅपाब्लांकाची स्वतःची कीर्ति याच प्रकारच्या खेळाबद्दल होती. अल्प लाभ मिळवावा, तो मुठींत धरावा, आणि शांतपणें प्रतिपक्ष्याला थकवावें. त्या दिवशीं त्याच्यावर त्याचेंच शस्त्र चाललें. पांसष्टाव्या खेळीला त्यानें हार कबूल केली.

सामन्यांत ऑइवे पहिला, कॅपाब्लांका दुसरा व सुलतानखान तिसरा आला. पुढें कॅपाब्लांकानें त्याच्याविषयीं लिहितांना ‘प्रतिभा’ या अर्थाचाच शब्द योजला आहे. कॅपाब्लांका स्तुति उधळणारा मनुष्य नव्हता.

ही एकच झुंज दैवानें साधली असें म्हणावें तर त्यालाहि जागा नाहीं. १९३१ सालीं त्यानें टार्टाकोव्हरशीं बारा डावांचा सामना खेळून साडेसहा विरुद्ध साडेपांच अशा गुणांनीं जिंकला. त्याच वर्षीं प्राग येथील राष्ट्रांच्या सामन्यांत इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून त्यानें फ्लोर व रुबिनस्टाइन यांना हरविलें आणि जगज्जेत्या आल्येखिनशीं बरोबरी केली. १९३२ व १९३३ या दोन्हीं वर्षीं तो पुन्हां ब्रिटनचा विजेता झाला. १९३३ चा सामना याच हेस्टिंग्ज गांवीं होता, आणि तेथें स्त्रियांचें विजेतेपद फातिमा नांवाच्या तरुणीनें मिळविलें. तीहि सर उमर यांच्याच घरची नोकर होती. एकाच बिऱ्हाडांतले दोघे, आणि सगळ्या ब्रिटनचे दोन्हीं मान! इंग्लंडची हवा मात्र सुलतानखानाला कधीं मानवली नाहीं. सर्दी, खोकला, घशाचें दुखणें हें हिंवाळाभर पाठीस लागलेलें असे, हिंवतापहि डोकें वर काढी, आणि कित्येकदां तो गळा गुंडाळूनच पटावर बसे.

त्या घरांत त्याचें स्थान काय होतें, याची एक आठवण अमेरिकन खेळाडू र्‍यूबेन फाइन यानें लिहून ठेवली आहे. १९३३ सालीं फोकस्टन येथें राष्ट्रांचे सामने झाले तेव्हां सर उमर यांनीं अमेरिकन खेळाडूंना आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें. पाहुणे पंक्तीस बसले, आणि वाढावयास आला तो सुलतानखान. पटावर ज्याच्यासमोर बसतांना हात कांपावा त्याच्या हातून वाढून घेण्याची ती वेळ त्या अमेरिकनांना फार अवघड गेली. सर उमर यांनीं त्याला खेळण्याची संधि दिली हें खरें. त्यांच्यावांचून हेस्टिंग्जचा डाव झालाच नसता. परंतु ती संधि त्यांच्या हातची होती, त्याच्या नव्हे, आणि हेंहि तितकेंच खरें. १९३३ च्या अखेरीस सर उमर स्वदेशीं परतले. त्यांच्याबरोबर सुलतानखानहि परतला. त्या वेळीं त्याची गणना जगांतील पहिल्या दहा खेळाडूंत करण्यास कोणाचीच हरकत नव्हती.

१९३५ सालीं व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं त्याचा दहा डावांचा एक सामना झाला. खाडिलकर हे त्या काळचे आपल्याकडचे नांवाजलेले खेळाडू. त्यांना दहांपैकीं एक डाव बरोबरीचा करतां आला, बाकीचे नऊ सुलतानखानानें जिंकले. त्यानंतर मोठ्या सामन्यांच्या नोंदींत त्याचें नांव आढळत नाहीं. तो आपल्या गांवाकडे शेती पाहूं लागला.

१९५० सालीं बुद्धिबळाच्या जागतिक संघानें प्रथमच ग्रँडमास्टर ही पदवी सुरू केली व एकूण सत्तावीस खेळाडूंना ती दिली. कॅपाब्लांका व आल्येखिन तोंवर निवर्तले होते. त्या यादींत ऑइवे होता, फ्लोर होता, टार्टाकोव्हर होता, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीं खेळ सोडून दिलेला रुबिनस्टाइनहि होता. म्हणजे खेळ सुटला हें कारण पदवी नाकारण्यास पुरेसें मानलेलें दिसत नाहीं. सुलतानखान त्या वर्षीं सरगोध्याकडे हयात होता. त्याचें नांव यादींत नव्हतें. तें यावयास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला; मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनीं जागतिक संघानें त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर केलें.

१९६६ च्या एप्रिलमध्यें सरगोधा येथें त्याचा अंत झाला. त्याच्या मुलानें सांगितलें आहे कीं, घरांतल्या मुलांना बुद्धिबळ शिकविण्यास तो तयार नसे. त्यापेक्षां आयुष्याचें कांहीं अधिक उपयोगी करा, असें तो त्यांना सांगे.